पगच्या नाकावरच्या घडीला वास येतोय, पावसाळ्यात घरच्या घरी साफसफाई कशी करायची?

गुल्लूची_आई

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाचा पग आहे, फॉन म्हणजे फिकट तपकिरी कलरचा, गुल्लू. डोंबिवलीत राहतो आणि जून लागल्यापासून घरात काही म्हणजे काही वाळत नाहीये, कपडे पण नाही आणि गुल्लू पण नाही. तर त्याच्या नाकावर जी जाड घडी असते ना, दोन डोळ्यांच्या खाली, तिच्यातून गेल्या काही दिवसांपासून आंबूस वास यायला लागलाय. घडी वर उचलली की आत तपकिरी चिकट मळ दिसतो, पुसून काढला की दुसऱ्या दिवशी परत तेच. तोंड सोफ्याला घासत बसतो. बाकी खातोय पितोय, खेळतोय, ताप वगैरे काही नाही.

आत्तापर्यंत महिन्यातून एकदा ग्रूमिंग पार्लरला नेत होतो, पण तिथे आंघोळ झाली की पिंजऱ्यात बसवून समोरून ड्रायर लावतात आणि तो इतका धापा टाकत बाहेर येतो की मला बघवत नाही. म्हणून आता ठरवलंय की जे काय करायचं ते घरीच करायचं. पण सल्ले इतके वेगवेगळे मिळतायत! सासूबाई म्हणतात घडीत खोबरेल तेल लाव आणि वरून पावडर टाक, शेजारचे काका म्हणतात आंघोळीच्या बादलीत झाकणभर डेटॉल टाक सगळं जाईल, आणि यूट्यूबवर एक जण ॲपल सायडर व्हिनेगर लावून दाखवतेय. नक्की काय लावायचं? पावसाळ्यात आंघोळ किती दिवसांनी घालायची? आणि केस एवढे गळतात की काळी पँट घालायची सोय नाही, त्याला मशीन मारून बारीक केले तर चालतील का? नखांना तर हातच लावू देत नाही. ज्यांच्याकडे पग आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

कोथरूडचा_पगवाला

ताई, आमच्याकडे पहिला पग आला तो २००३ मध्ये हच मोबाइलची ती पगवाली जाहिरात लागल्यानंतर सगळ्यांच्याच घरी येत होते तेव्हा, आणि तेव्हापासून घरात कायम पग आहेच. त्यामुळे घड्यांबद्दल बोलू शकतो, औषधांबद्दल कोणी डॉक्टर असतील तर ते बोलतील.

पहिली गोष्ट म्हणजे काय लावायचं हा प्रश्नच मागे ठेवा. घडीत काही लावायचं नसतं, घडी कोरडी ठेवायची असते. लोक वाइप्स आणतात, लोशन आणतात, दिवसातून दोनदा पुसतात आणि ओली तशीच सोडून देतात, मग वास आणखी वाढतो आणि म्हणतात एवढं साफ करूनही काही होत नाही. पुसणं अर्धं काम आहे, पुसल्यानंतर कोरडं करणं हे खरं काम आहे, आणि पावसाळ्यात तर तेच सगळ्यात महत्त्वाचं.

मी करतो ते असं. जुन्या मऊ सुती साडीचे किंवा मलमलचे हातरुमालाच्या पाव आकाराचे तुकडे करून उकळून वाळवून डब्यात ठेवलेत. कापूस वापरत नाही, त्याचे तंतू डोळ्यात जातात आणि पगचे डोळे बाहेर आलेले असल्यामुळे ते लगेच टोचतात. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइनची बाटली मिळते ती आणायची, नाहीतर अर्धा लिटर पाणी उकळून गार करून त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, रोजचं रोज ताजं केलेलं बरं. कुत्रा मांडीवर, त्याची पाठ आपल्या पोटाला लावून. समोर उभं राहून हात चेहऱ्याकडे नेला की तो मागे सरकतोच, म्हणून मागून. अंगठ्याने घडी वर उचलायची, सलाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेला तुकडा बोटाला गुंडाळून मधून बाहेरच्या बाजूला एकदा फिरवायचा, दुसऱ्या बाजूला दुसरा तुकडा. घासायचं नाही. मळ सुकलेला असेल तर ओला तुकडा तिथे थोडा वेळ धरून ठेवा, आपोआप सुटतो. मग कोरडा तुकडा घडीत ठेवून हलकेच दाबून धरायचा, ओल शोषली गेली की काढायचा. आणि त्यानंतर घडी लगेच मिटू द्यायची नाही, पंख्याखाली उचलून धरून त्याच्याशी गप्पा मारायच्या.

नाकावरची घडी तर झालीच, पण डोळ्यांच्या खाली ज्या बारीक रेषा असतात त्या, ओठांच्या कडेची घडी जिथे खाल्लेलं अडकतं ती, आणि शेपटीचा वेटोळा जिथे अंगाला चिकटतो त्याच्या खालची जागा, ह्या तिन्ही लोक विसरतात. शेपटी हळूच उलगडून बघा, काही पगांना तिथे चक्क खड्डा असतो आणि त्यात बोटाचं टोक जाईल एवढी जागा असते. गळ्याखालचा पट्टा पण काढून बघा. खरं तर पगला गळ्यात पट्टा घालून ओढूच नये, हार्नेस घाला, मानेवर जोर आला की डोळ्यांवर दाब येतो.

रोज करायचं का? आत्ता पावसाळा आणि त्रास सुरू आहे तर रोज एकदा. एरवी आमच्याकडे एक दिवसाआड.

सांगलीचा_पशुवैद्य

वर सांगितलेली पद्धत अगदी बरोबर आहे, पण गुल्लूची आई, तुमच्या वर्णनावरून ही आता नुसती स्वच्छतेची गोष्ट राहिलेली नाही. आंबूस वास, तपकिरी चिकट थर, पुसल्यावर दुसऱ्या दिवशी परत, आणि तोंड घासणं हे सगळं एकत्र आलं की तिथे इन्फेक्शन असण्याची शक्यता जास्त, आणि इन्फेक्शन झालेली घडी पुसून बरी होत नाही. एकदा दाखवून घ्या.

काय होतं ते थोडक्यात सांगतो. घडीच्या आत हवा लागत नाही, कातडीला कातडी घासते, डोळ्यातलं पाणी ओघळून तिथेच मुरतं. ऊब आणि ओल दोन्ही मिळाली. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू निरोगी कुत्र्याच्या अंगावर एरवीही थोडे असतातच, ते तिथे बेसुमार वाढतात. ह्याला स्किन फोल्ड डर्मटायटिस म्हणतात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांतल्या लाखो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा इंग्लिश बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पग ह्या जातींना हा त्रास सगळ्यात जास्त दिसला, म्हणजे हे तुमच्या देखभालीत काही कमी पडलं म्हणून झालेलं नाही, चेहऱ्याची ठेवणच तशी आहे.

दवाखान्यात गेलात की सायटॉलॉजी करा म्हणून सांगा. काचपट्टी किंवा पारदर्शक चिकटपट्टी घडीत दाबून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघतात, तिथल्या तिथे होतं. यीस्ट असेल तर शेंगदाण्याच्या शेंगेच्या आकाराच्या पेशी दिसतात, जिवाणू असतील तर गोल ठिपक्यांचे पुंजके. दोघांचं औषध वेगळं, म्हणून न बघता मलम लिहून देणं किंवा घेणं दोन्ही चूक. गुल्लू दीड वर्षाचा आहे, ह्या वयात पगच्या डोळ्याभोवती आणि तोंडाजवळ केस जाऊन लालसर चट्टे पडले असतील तर डेमोडेक्स ह्या माइट्ससाठी, म्हणजे कातडीतल्या अगदी सूक्ष्म किड्यांसाठी, कातडी खरवडूनही तपासावी लागते. चट्टे आहेत का ते सांगा.

आता जे करू नये ते, कारण ह्यामुळे येणाऱ्या केसेस मी सतत बघतो.

डेटॉल नको. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं, कुत्रा ते चाटतो, पोटात जातं, तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते. बादलीत झाकणभर टाकून काही होत नाही असं वाटतं पण पगच्या चेहऱ्याजवळ डोळा किती जवळ आहे बघा. मांजर असेल घरात तर तिच्यासाठी ते आणखी वाईट.

मेडिकलमधून मिळणारी माणसांची ‘थ्री इन वन’ मलमं, ज्यात अँटिबायोटिक, अँटिफंगल आणि स्टेरॉइड सगळं एकत्र असतं, ती लावू नका. दोन दिवस लाली कमी होते आणि लोक खूश होतात. पण कातडी पातळ होते, आणि ते मलम डोळ्यात गेलं आणि तिथे आधीच छोटीशी जखम असेल तर तो डोळा जाऊ शकतो, हे मी घाबरवायला म्हणून सांगत नाहीये. लहान बाळांच्या नॅपी रॅशचं झिंक ऑक्साइडचं मलम पण नाही, चाटलं तर झिंकची विषबाधा होते. टी ट्री ऑइल तर हातच लावू नका, ‘नॅचरल’ लिहिलेलं असलं तरी कुत्र्यांना ते विषारी आहे.

क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक चांगलं आहे, पण प्राण्यांसाठी बनवलेले वाइप्स घ्या आणि डोळ्यापासून लांब ठेवा. ऑपरेशनच्या आधी हात धुवायचं फेसाळ क्लोरहेक्झिडिन मिळतं ते चेहऱ्यावर कधीच नाही, बुबुळाला कायमची इजा होते.

आणि डोळ्याचं वेगळं सांगतो कारण पगमध्ये घडी आणि डोळा हे एकाच दुखण्याचे दोन भाग असतात. घडीवरचे केस बुबुळाला घासत राहतात. डोळा बारीक करतोय, लाल झालाय, पू येतोय, बुबुळावर निळसर पांढुरका डाग दिसतोय, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलू नका, पगच्या डोळ्यातली जखम एका रात्रीत खोल जाऊ शकते. नाकाच्या बाजूने बुबुळावर तपकिरी पडदा सरकतोय असं वाटलं तर अश्रूंची चाचणी करून घ्या, कागदाची पट्टी पापणीत एक मिनिट ठेवतात, १५ मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली तर ठीक.

डोंबिवलीत जवळ कोणी नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, लांब पडेल पण सोय आहे.

नाशिक_ग्रूमर

मी ग्रूमिंगचंच काम करते, पिंजऱ्यातल्या ड्रायरबद्दल जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. चपट्या नाकाच्या कुत्र्याला बंद पिंजऱ्यात गरम हवा लावायचीच नसते. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि पगची श्वासाची वाट आधीच अरुंद, मग उष्णता जाणार कुठून. तुम्ही त्याला तिथून काढलंत हे फार चांगलं केलंत. पुन्हा कधी पार्लरला न्यायचं झालं तर आधी विचारा की टेबलावर हाताने वाळवता का आणि मला समोर थांबू देता का, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

घरी आंघोळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पग छोटा असतो, बाथरूममध्ये खाली रबरी मॅट किंवा जुनी चादर घाला म्हणजे पाय घसरत नाहीत, निम्मी भीती तिथेच जाते. टाइल्सवर त्याच्या तोंडाच्या उंचीला लिक मॅट, म्हणजे खाऊ फासून चाटायला द्यायची रबरी चटई, चिकटवा आणि त्याला दही फासा, साखर नसलेलं, तो चाटण्यात गुंग राहतो. पाणी कोमट, मनगटावर घेऊन बघायचं, बाळाला घालतो तसं. मानेपासून मागे भिजवा, डोक्यावर मग ओतायचा नाही, चेहरा ओल्या फडक्यानेच. शॅम्पू कुत्र्यांचाच, माणसांची कातडी जरा आम्लधर्मी असते आणि कुत्र्यांची जवळजवळ न्यूट्रल, त्यामुळे आपला शॅम्पू किंवा अंगाचा साबण त्यांना कोरडं करतो आणि मग खाज सुरू होते. शॅम्पू थेट अंगावर ओतू नका, मगभर पाण्यात फेटून मग ओता, धुवायलाही सोपं जातं. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला तर तो लावून दहा मिनिटं ठेवायचा असतो, ही दहा मिनिटं बहुतेक लोक ठेवतच नाहीत आणि मग शॅम्पू बेकार म्हणतात.

किती दिवसांनी म्हणाल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे, पावसाळा असला तरी. पावसाळ्यात लोक उलट जास्त आंघोळी घालतात कारण वास येतो, पण तो ओला राहिल्याचा वास असतो. फिरून आल्यावर फक्त पाय धुवा, बोटांच्या मधे टॉवेल घालून पुसा आणि झालं. वाळवायला मायक्रोफायबरचे दोन टॉवेल आणि टेबल फॅन. हेअर ड्रायर लावायचाच असेल तर थंड हवेवर, हातभर लांबून, आणि दरवाजा उघडा ठेवून. मधेच जीभ मोठी बाहेर काढून घोरल्यासारखा आवाज करायला लागला तर थांबायचं.

मशीन मारू नका ताई. फॉन पगला दोन थरांचा कोट असतो, वरचे केस आणि आतली मऊ लव, म्हणूनच एवढे गळतात, काळ्या पगमध्ये बऱ्याचदा आतला थर नसतो म्हणून ते कमी गळतात. मशीन मारल्याने गळणं थांबत नाही, फक्त लांब केसाच्या जागी छोटा टोचरा केस सोफ्यात रुतून बसतो आणि उन्हात कातडी उघडी पडते ती वेगळीच. त्यापेक्षा रबरी दातांचा हातात घालायचा ब्रश आणा आणि घोड्याला करतात तसा रोज पाच मिनिटं खरारा करा, आधी गोल गोल आणि मग केसांच्या दिशेने. बाल्कनीत करा, घरात नको. लोखंडी दात्यांचं डी-शेडिंगचं अवजार मिळतं ते आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, एकाच जागी फिरवत राहिलं तर कातडी सोलते. आंघोळीच्या आधी खरारा केला तर निम्मे केस आधीच निघतात आणि मोरी तुंबत नाही.

नखं. फरशीवर चालताना टकटक आवाज येतो का? येत असेल तर वाढलीत. पगची नखं काळी असतात त्यामुळे आतली नस दिसत नाही, म्हणून एकदम नाही कापायचं, टोकाचा एक मिलिमीटर घ्यायचा आणि कापलेल्या भागाकडे बघायचं, पांढरट भुसभुशीत दिसतंय तोवर ठीक, मधे काळसर ओलसर ठिपका दिसला की थांबायचं, पुढे नस आहे. आतल्या बाजूला वर जे अंगठ्याचं नख असतं ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही आणि गोल वळून कातडीत घुसतं, ते आधी बघा. रक्त आलंच तर सलूनमध्ये दाढीनंतर लावतात ती तुरटी कुटून ठेवा, त्याची पूड दाबून धरली की थांबतं, नसेल तर कॉर्नफ्लोअर. आणि हात लावू देत नाही ह्याचं उत्तर असं की एका दिवशी सगळी कापायचीच नाहीत. आज नुसता पंजा हातात धरला आणि चिकनचा तुकडा दिला, उद्या कटर नखाला टेकवला आणि तुकडा दिला, मग कधीतरी एक नख. घाई केली आणि चौघांनी धरून कापली की आयुष्यभर धरूनच कापावी लागतात.

कानात बड्स घालू नका, कुत्र्याचा कान आत गेल्यावर वळतो आणि मळ आणखी आत ढकलला जातो. कुत्र्यांचा कान साफ करायचा क्लीनर ओतायचा, कानाच्या मुळाशी मालिश करायची, डोकं झटकू द्यायचं आणि बाहेर आलेलं पुसायचं, एवढंच.

गुल्लूची_आई

बाप रे, एवढं सगळं! खूप खूप आभार सगळ्यांचे, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. डॉक्टर, डोळ्याभोवती केस गेलेले नाहीत, चट्टेही नाहीत, पण उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्त ओला असतो, लाल मात्र नाही. शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीये. तोपर्यंत सलाइन आणि मलमलच्या तुकड्याने पुसतेय, मांडीवर पाठमोरा घेतल्यावर खरंच शांत बसला.

सासूबाईंना डेटॉलचं पटलं पण तेलाचं पटत नाहीये, त्यांचं म्हणणं खोबरेल तेलाने कधी कोणाचं वाईट झालंय. आणि तेल नको तर निदान नुसती पावडर टाकली तर ओल शोषली जाणार नाही का?

बोरिवलीकर७७

मी गेली कित्येक वर्षं ॲपल सायडर व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं वापरतोय आमच्या पगला, काही त्रास नाही. सगळ्यालाच केमिकल औषधं कशाला? यीस्टला आम्लाने आवर बसतो हे तर साधं विज्ञान आहे.

सांगलीचा_पशुवैद्य

बोरिवलीकर, आम्लाचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, कुत्र्यांच्या काही कान साफ करायच्या औषधांत आणि वाइप्समध्ये सौम्य आम्लं असतात. पण तुमच्या पगची कातडी अखंड असेल म्हणून चालून जातंय. इथे ज्या कुत्र्याची घडी आधीच सुजलेली असण्याची शक्यता आहे, त्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर अर्धं व्हिनेगर लावायला मी कोणालाही सांगणार नाही. चरचरतं, कुत्रा डोकं झटकतो, थेंब डोळ्यात जातो. आणि त्यानंतर तो चेहऱ्याला हातच लावू देत नाही, म्हणजे रोजची सफाईपण गेली.

ताई, सासूबाईंना सांगा की खोबरेल तेलाला जागा आहे, पण ती घडीत नाही. पगच्या नाकाचा शेंडा कोरडा पडून त्यावर भेगा पडतात, कडक पापुद्रे येतात, तिथे बोटाच्या टोकावर मावेल एवढं तेल रात्री लावायला काहीच हरकत नाही, चाटलं तरी चालतं. घडीत मात्र तेलामुळे ओल आत कोंडते आणि मॅलॅसेझियाला तर स्निग्ध पदार्थ आवडतातच. आणि पावडरीचं म्हणाल तर ती ओल शोषते हे खरं, पण शोषून तिचा लगदा होतो, तो घडीच्या तळाशी बसतो आणि कातडीला घासतो. शिवाय नाकपुड्या तिथेच खाली आहेत, पग ती श्वासात ओढतो. फडक्याने शोषलेली ओल बाहेर जाते, पावडरीने शोषलेली तिथेच राहते.

एक डोळा जास्त ओला असतो ते शनिवारी आवर्जून सांगा, फ्लोरेसिन नावाचा हिरवा रंग टाकून बघतात, जखम असेल तर ती जागा चमकते.

नागपूरचा_भाऊ

इकडे आमचं उलटं आहे, पावसाळ्यापेक्षा उन्हाळा जीव घेतो. मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा पगचं ग्रूमिंग म्हणजे पहाटे उठून खरारा आणि तेवढंच, आंघोळ पण सकाळी सातच्या आत, दुपारी नाहीच. ताई तुमच्याकडे दमट हवा आहे, आकडा कमी दिसला तरी दमट हवेत धापा टाकून अंग गार होत नाही, हे लक्षात ठेवा. ग्रूमिंग करताना कुत्र्याची झटापट झाली, त्यात बाथरूम बंद, गिझरची वाफ, एवढ्यावर पग कोसळू शकतो. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइटच्या आसपास असतं, १०५ च्या वर गेलं की धोका. जीभ जांभळट, लाळ घट्ट, पाय लटपटतायत असं दिसलं तर आधी अंगावर साधं नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा, आणि पाणी ओतत ओततच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि उष्णता आत धरून ठेवतो.

अजून एक, पावसाळ्यात गोचिड वाढतात, खरारा करता करता कानाच्या आतली बाजू, काख आणि बोटांच्या मधे रोज बोट फिरवा. मानेवर टाकायचं थेंबाचं औषध वापरत असाल तर ते टाकायच्या आधी आणि नंतर दोन दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर सगळं धुऊन जातं.

गुल्लूची_आई

शनिवारी जाऊन आलो. चिकटपट्टीची टेस्ट केली, यीस्टच निघालं, जिवाणू अगदी थोडे. उजव्या डोळ्यात जखम नाही, अश्रूंची पट्टी पण ठीक आली, पण घडीचे केस डोळ्याला लागतायत म्हणून पाणी येतं म्हणाले. वाइप्स दिलेत, दिवसातून दोनदा दोन आठवडे, आणि अंगाला औषधी शॅम्पू आठवड्यातून दोनदा. वजन केलं तर साडेदहा किलो भरलं. ते म्हणाले वजन कमी करा, पण घडीचा आणि वजनाचा काय संबंध हे घाईत विचारायचं राहून गेलं. आणि दोन आठवड्यांनंतर वाइप्स चालूच ठेवायचे का? ऑपरेशन करून घडी काढून टाकतात असं दवाखान्यात बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, ते काय असतं?

सांगलीचा_पशुवैद्य

संबंध सरळ आहे, चरबी वाढली की घडी फुगते, खोल जाते आणि घट्ट मिटते, हवा आणखी कमी लागते. पगचं प्रमाण वजन साधारण ६.३ ते ८.१ किलो धरतात. गुल्लूचा सांगाडा थोडा मोठा असेल तरी साडेदहा जास्तच आहे. आणि वजन उतरलं की श्वासही मोकळा होतो, म्हणजे आंघोळीत धापा लागणं कमी होईल. बिस्किटं आणि पोळीचे तुकडे आधी बंद करा, नखं कापताना द्यायला गाजराचे किंवा काकडीचे बारीक तुकडे चालतात. रोजचं खाणं मोजून द्या, वाटीच्या अंदाजाने नाही, आणि हळूहळू कमी करा.

दोन आठवडे झाले की बरं दिसलं तरी परत एकदा चिकटपट्टीची टेस्ट करून घ्या, वास गेला म्हणजे यीस्ट गेलं असं नसतं. टेस्ट ठीक आली की वाइप्स आठवड्यातून दोनदा, बाकीच्या दिवशी फक्त कोरड्या मलमलच्या तुकड्याने. पावसाळा संपल्यावर आणखी कमी करता येईल. शॅम्पू आठवड्यातून दोनदा सांगितलाय तो औषध म्हणून आहे, वर नाशिकच्या ताईंनी सांगितलेला तीन-चार आठवड्यांचा हिशेब हे संपल्यावर लागू.

ऑपरेशन असतं, नाकावरची जादा कातडी काढून टाकतात. सतत परत परत इन्फेक्शन होत असेल किंवा केसांमुळे बुबुळाला जखमा होत असतील तेव्हा त्याचा विचार करतात, आणि पगला भूल देणं इतर कुत्र्यांपेक्षा जोखमीचं असतं म्हणून अनुभवी सर्जनकडेच. दीड वर्षाच्या, पहिल्यांदाच यीस्ट झालेल्या कुत्र्याला आत्ता त्याची गरज नाही. आधी वजन उतरू दे, मग डोळ्याचं पाणी कमी होतंय का ते बघा. तेव्हाही घडीचे केस बुबुळाला टेकत असतील तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा, तोपर्यंत ते केस घरी कात्रीने कापायला जाऊ नका, बारीक झालेला केस जास्त टोचतो आणि हलला तर कात्री डोळ्यात जाते.

नाशिक_ग्रूमर

आठवड्यातून दोनदा शॅम्पू म्हणजे दोनदा पूर्ण वाळवणं पण आलं हं ताई. सकाळी लवकर घाला, म्हणजे दिवसभर पंख्याखाली राहील, संध्याकाळी घालून रात्री ओला झोपवू नका. आणि त्याची गादी, पांघरूण, सोफ्यावरची चादर जिथे तो तोंड घासत होता ती सगळी ह्याच आठवड्यात गरम पाण्यात धुऊन घ्या, हार्नेससुद्धा.

गुल्लूची_आई

हार्नेस अजिबात लक्षात आला नव्हता, आत्ताच भिजत घातला. लिक मॅट ऑर्डर केलंय, दही सासूबाई घरीच लावतायत.